सहा बाटल्यांच्या उकिडवेबाई

उकिडवेबाईंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर मध्येच कुठंतरी मी येतो, आणि मी आलो की गोष्ट बिघडते. पण गेल्या महिन्यात आमच्या पेन्शनर मंडळींच्या बैठकीत कुणीतरी पुन्हा तोच किस्सा काढला. "बाईंनी जन्मभर फॉरेनचं सेंट लावलं, पण कुणाला एक थेंब म्हणून दिला नाही." सगळे हसले. सवयीनं मीही हसलो. रिक्षानं वारज्याला घरी पोचेपर्यंत त्या हसण्याची लाज वाटायला लागली. आता माझी ऐंशी उलटली आहे. आणखी टाळण्यात अर्थ नाही.

तर आमच्या ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. ऑफिस सरकारी होतं, एवढं सांगितल्यावर ते का बंद होतं आणि किती वर्षं बंद होतं, हे सांगायला नको. आमचं त्यावाचून काही अडत नसे, कारण आम्ही वेळ उकिडवेबाईंवरून ओळखायचो.

कुमारी शांता उकिडवे या आमच्या आस्थापना शाखेच्या हेडक्लार्क. बदल्या, बढत्या, रजा, सगळ्यांच्या फायली त्यांच्या टेबलावर. सकाळी साडेदहाला त्या आत आल्या की संत्र्याची साल नखानं सोलावी आणि सोबत हिरवा पाला चुरगाळावा, असा एक तरतरीत, गार वास यायचा. तो अर्धा-पाऊण तास टिकायचा. मग गुलाब. पण लग्नात दारात शिंपडतात तो गुलाब नव्हे. सकाळी दव असताना न तोडता हुंगलेला गुलाब. दुपारचे डबे झाले की गुलाब मागं सरायचा आणि जाईच्या जातीचं काहीतरी पांढरं फूल पुढं यायचं. चारनंतर तेही ओसरायचं, आणि चंदनाच्या पेटीतून इस्त्रीचं सुती पातळ काढावं तसं काहीतरी मऊ, कोरडं, घरगुती उरायचं. आमचे जोगळेकर कागदावरून मान वर न करता म्हणायचे, "चंदन लागलं. आवरा." मी पुष्कळदा मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पाच मिनिटांचाही फरक पडत नसे.

याला सेंट म्हटलेलं बाईंना चालत नसे.

"सेंट सर्कशीतल्या हत्तीवर मारतात," त्या म्हणायच्या.

"मग काय म्हणायचं, बाई?"

"काही म्हणायचं नाही. नाक दिलंय ना देवानं? मग तोंड कशाला वापरता?"

बाटलीवर फ्रेंच नाव होतं म्हणे. ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी आमच्याच्यानं उच्चारलं गेलं नसतं. म्हणून आम्ही त्या सुगंधालाच 'उकिडवे' म्हणायला लागलो. "आज उकिडवे जरा उशिरा चढलंय, हवा दमट आहे," असं आम्ही गंभीरपणे बोलायचो.

दिसायला बाई साध्या होत्या. साध्या हा शब्दही मी आदरानं वापरतोय. उंच, काटकुळ्या, जाड भिंगांचा चष्मा, करड्या नाहीतर पांढऱ्या पातळाला बारीक काठ. गळ्यात काही नाही, कानांत काही नाही. रस्त्यानं चालल्या तर कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. पण त्या एखाद्या खोलीतून निघून गेल्या की मागच्या माणसांची बोलण्याची पट्टी आपोआप खाली यायची. शिव्या देणारा शिपाई शिव्या गिळायचा. मी स्वतः कितीतरी वेळा त्यांच्या रिकाम्या खुर्चीपाशी उगाच फाइल शोधत उभा राहिलो आहे. वाईट मनानं नव्हे. तिथं उभं राहिलं की आपण जरा बरे आहोत असं वाटायचं.

एकदा मी त्यांना विचारलं, की मोगरा, केवडा, हिना असं सगळं मंडईत मिळत असताना हे परदेशी कशाला.

"मोगरा आल्या आल्या सांगतो, मी मोगरा," बाई म्हणाल्या. "केवडा तर ओरडतोच. हे काही सांगत नाही. हे ऐकणाऱ्याला विचारायला लावतं, की बाग आहे तरी कुठं? आणि उत्तर मिळायच्या आत बाई पुढं गेलेली असते. इतकंच पुरे."

'इतकंच पुरे' हे त्यांचं पालुपद. लावायच्या पद्धतीलाही तेच. बाटलीच्या काचेच्या बुचाचं टोक डाव्या मनगटाला एकदा, उजव्या मनगटाला एकदा. तिसऱ्यांदा नाही.

या बाटल्यांचा इतिहास ऑफिसात सगळ्यांना पाठ होता. इंग्रज जायच्या सुमारास शांताबाई कॅम्पात एका गोऱ्या बाईला मराठी शिकवायला जायच्या. ती बाई कायमची देश सोडून निघाली तेव्हा निरोप घेताना मराठीत म्हणाली, "मी जाते." बाई म्हणाल्या, "जाते म्हणू नये. येते म्हणा." ती म्हणाली, "पण मी तर परत येणार नाही." बाई म्हणाल्या, "तरीही." तेव्हा ती मडम रडली म्हणे, आणि आतून सहा बाटल्यांचा एक पुठ्ठ्याचा खोका आणून तिनं यांच्या हातात दिला.

सहा बाटल्या बाईंनी वीसेक वर्षं पुरवल्या. त्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायच्या. "तांदूळ गार असतो, अंधार असतो, आणि चोर तांदळात हात घालत नाही," असं त्यांचं शास्त्र होतं. परिणामी त्यांच्या डब्यातल्या भाताला पुसट गुलाबाचा वास यायचा. त्यांनी एकदा मला वरणभाताचा घास दिला होता. देवळात जेवल्यासारखं वाटलं.

आपलं हे नाक बाई ऑफिसच्या कामालाही वापरायच्या. रजेचा अर्ज आला की आधी हुंगायचा. "जोगळेकर, तुमच्या तापाला कांदाभज्यांचा वास येतोय." खोट्या कागदाचाच नव्हे, खोट्या बोलण्याचाही त्यांना वास यायचा. कुणी थाप मारायला लागलं की त्या नाक किंचित वर उचलायच्या, आणि समोरचा वाक्य अर्ध्यावर सोडून खरं बोलायला लागायचा.

आता त्यांच्या कंजूषपणाबद्दल. तो किस्सा खोटा नाही. ऑफिसात चार बायका होत्या, त्यांच्यापैकी टायपिस्ट कुंदाचं लग्न ठरलं तेव्हा तिनं मोठ्या आशेनं विचारलं, "बाई, साखरपुड्याला मला एक थेंब द्याल?" बाईंनी तिला साखरपुड्यासाठी स्वतःचं नवं रेशमी पातळ दिलं, पण थेंब दिला नाही. "दुसरं काहीही माग," म्हणाल्या. "हे दोघींच्या अंगाला आलं, की निकामी झालं." कुंदाला राग आला. आम्हालाही तो निव्वळ तोरा वाटला. बाई नारायण पेठेत दोन खोल्यांत थोरल्या बहिणीबरोबर राहतात, यापलीकडं त्यांच्या घरचं आम्हाला काही ठाऊक नव्हतं. त्या कुणाला घरी बोलवत नसत.

सहावी बाटली तळाला लागली ती एका पावसाळ्यात. परदेशी माल तेव्हा सरळ मिळत नसे. कुणी येणारा-जाणारा असावा लागे. माझा धाकटा भाऊ वसंता विलायतेत नोकरीला होता आणि नाताळात घरी यायचा होता. एके दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या. त्या दुसऱ्याच्या टेबलाशी कधी जात नसत.

"अभ्यंकर, तुमच्या भावाला एक त्रास देऊ का?"

सुरेख इंग्रजी अक्षरात नाव लिहिलेला कागद त्यांनी पुढं केला. मी म्हटलं, "त्रास कसला, बाई. एक सोडून दोन आणेल."

"एक. इतकंच पुरे. आणि त्याबदली त्याला मी स्वेटर विणणार. नाही म्हणालात तर कागद परत द्या."

वसंता माझ्याच अंगकाठीचा, म्हणून बाईंनी फायलीच्या लाल फितीनं भर ऑफिसात माझं माप घेतलं. जोगळेकर म्हणाले, "सरकारी लाल फितीतून काहीतरी तयार होताना प्रथमच पाहतोय."

दसऱ्याच्या आसपास बाटली संपली. ऑफिसला वेळ कळेनाशी झाली. बाई नुसत्याच यायच्या. तेव्हा चेष्टाही झाली: "उकिडवे बंद पडलं." बाईंचा चेहरा त्या दिवसांत ओढल्यासारखा दिसायचा. एका सुगंधासाठी माणसानं इतकं झुरावं, याचं मला हसू यायचं.

नाताळात वसंता आला. बाटली आणली. स्वेटर त्याला अगदी बरोबर बसला. सोमवारी बाटली बाईंना द्यायची असं ठरलं होतं, आणि शुक्रवारी माझ्या हातात बदलीचा हुकूम पडला. चांद्याला. घरी वडील अर्धांगवायूनं पडलेले, कमल, म्हणजे माझी पत्नी, दिवसांची. साहेबांच्या घरी जाऊन पाय धरायचे असं ठरवलं. पण मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं कसं जायचं? रविवारची सकाळ होती, दुकानं बंद होती आणि कपाटात ती बाटली होती. मनाशी म्हटलं, वसंता पुढच्या वेळी दुसरी आणेल. बाईंनी इतके दिवस काढलेच आहेत.

साहेबांच्या मिसेसनी दार उघडलं. मी बाटली त्यांच्या हातात दिली. "अगं बाई, फॉरेनचं?" म्हणत त्या आत गेल्या. साहेब बाहेर आले. मी वडिलांचं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

"अहो अभ्यंकर, तुमची बदली रद्द झाली की. काल संध्याकाळीच सही केली मी. उकिडवेबाईंनी मोठी टिपणी ठेवली होती. वडील आजारी, पत्नी गरोदर, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

आतून बुचाचा काचेचा टणत्कार ऐकू आला, आणि पाठोपाठ संत्र्याची साल. आता परत कशी मागायची? "माफ करा वहिनी, काम झालेलं आहे, तेव्हा बाटली द्या" असं म्हणायला हवं होतं. तेवढंच म्हणायचं होतं. मी चहा पिऊन आलो.

सोमवारी बाईंना सांगितलं, "कस्टमवाल्यांनी बाटली काढून घेतली, बाई. वसंतानं खूप सांगून पाहिलं." घरी कमलला मात्र बाटली बाईंना पोचवली असं सांगितलं होतं.

बाईंनी नाक किंचित वर उचललं. मी वाट पाहत राहिलो. त्या माझ्याकडं पाहत होत्या, आणि मग, मला वाटतं जाणूनबुजून, त्यांनी मान खाली केली.

"बरं," त्या म्हणाल्या. "स्वेटर नाही ना घेतला त्यांनी?"

पुण्यात एखाद्या घरी उंची सुवासिक बाटली गेली, की ती चैत्रात बाहेर येणार हे मला कळायला हवं होतं. पुरुषांना अशा गोष्टी कळत नाहीत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या हाताला अत्तर लावायचं असतं, आणि साहेबांच्या मिसेसना त्या वर्षी अत्तराच्या जागी मिरवण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. लग्न न झालेल्या बाईंना अशा ठिकाणी फारसं कुणी बोलवत नसे. पण साहेबांच्या मिसेस नव्या विचारांच्या. त्यांनी ऑफिसातल्या चौघींना बोलावलं आणि आम्हा सगळ्यांच्या बायकांनाही. कमल बाळंतपणानंतर पहिल्यांदाच बाहेर पडली होती. पुढचं सगळं मला तिनं सांगितलेलं आहे.

आंब्याची डाळ आणि पन्हं देऊन झालं. मिसेस बाटली घेऊन एकेकीपुढं यायला लागल्या. बाईंनी हात पुढं केला, थेंब पडला, आणि त्यांनी तो हात नाकाशी नेला.

"कुठलं हो हे?" शेजारच्या कुणीतरी विचारलं.

"विलायतेचं," मिसेस म्हणाल्या, आणि कमलकडं वळून हसल्या. "यांच्याच मिस्टरांनी आणून दिलं, नाताळात. भाऊ असतो ना तिकडं."

कमलनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी कमलकडं पाहिलं. कमल म्हणते, तिला त्या क्षणी तान्ह्या पोराला तिथंच टाकून पळून जावंसं वाटलं. पण बाईंनी शांतपणे दुसरा हात पुढं केला.

"याही हाताला लावा."

"दोन्ही हातांना, उकिडवेबाई?" मिसेस हसून म्हणाल्या.

"हो. हा वास मला घरी न्यायचाय."

मग त्या उठल्या. डाळ तशीच टाकली, कारण हात धुवावा लागला असता. दोन्ही हात पुढं धरून, कशालाही न लागता त्या चालायला लागल्या. पिशवी राहिली म्हणून कमल पोराला काखेत घेऊन मागं धावली. रिक्षात बाईंच्या शेजारी बसली. नारायण पेठेत पोचल्यावर बाई म्हणाल्या, "पिशवीत किल्ली आहे. तुम्हीच उघडा, मला काही धरता येत नाही." अशा रीतीनं बाईंचं घर आमच्यापैकी पहिल्यांदा कमलनं पाहिलं.

आत खाटेवर वेणूताई बसल्या होत्या. बाईंपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. बाईंची आई लवकर गेली. यांनीच त्यांना वाढवलेलं. मधुमेहानं त्यांची दृष्टी गेली होती आणि बोटं बधिर झाली होती, वयानं कान गेले होते. कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या, त्यामुळं तळहातावर अक्षर काढून सांगायचीही सोय नव्हती. जवळ कोण आलंय, हे त्यांना एकाच वाटेनं कळायचं. कामवाली, शेजारीण, डॉक्टर यांच्यातून आपली शांता वेगळी काढायची, तर तिच्या अंगाला पेठेत दुसऱ्या कुणाच्याही अंगाला येत नाही असा वास असायला हवा होता.

बाईंनी हाताची मागची बाजू त्यांच्या नाकाशी नेली.

वेणूताईंचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"शांते," त्या म्हणाल्या, "किती महिन्यांनी आलीस गं. कुठं होतीस?" आणि मग आवाज खाली करून, जवळच कुणी असेल या समजुतीनं, "ती दुसरी बाई ठेवलीयस ती बरी आहे. वेळेवर भरवते, न्हाऊ घालते. पण तिनं हात लावला की मी दचकते. तू येत जा."

बाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. दुसरा हात त्यांनी हवेतच, कशाला न लावता धरून ठेवला होता. उद्यासाठी, असं कमलला वाटलं.

कमल माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आता काय करायचं ते तुम्ही बघा."

मी काय केलं? साहेबांच्या घरी जाऊन उरलेली बाटली मागायला हवी होती. दोनदा दारापर्यंत गेलो. वसंताला पत्र घातलं. त्याच्या ओळखीचं माणूस यायला वर्ष लागलं. बाटली माझ्या हातात पडली तेव्हा वेणूताईंना जाऊन दोन महिने झाले होते. मधल्या काळात बाई मला कधी टोचून बोलल्या नाहीत. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या होत्या, "तुमच्या मिसेसनी माझी पिशवी आणली. त्यांना आभारी आहे म्हणावं."

मी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा काढून ती पाहिली.

"आता हिचं काय करू, अभ्यंकर?"

हा टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. मग त्यांनी बूच काढलं आणि हाक मारली, "कुंदा, इकडं ये गं. सगळ्याजणी या." तिघींच्या मनगटांना त्यांनी लावलं, शिपायाच्या बायकोसाठी रुमालावर टिपून दिलं, जोगळेकरांनी मजेनं हात पुढं केला तर त्यांनाही. त्या दिवशी ऑफिसभर सगळीकडंच साडेदहा वाजले होते. ही गोष्ट मात्र बैठकीत कुणी सांगत नाही. बाईंनी कुणाला एक थेंब दिला नाही, एवढीच आठवण उरली आहे, आणि ती खोडून काढण्याइतकं ठाऊक असलेला माणूस गप्प बसून हसत होता.

बाई रिटायर झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण माझ्याकडं होतं. मी त्यांच्या टिपण्यांबद्दल बोललो, अक्षराबद्दल बोललो. पुढं त्या विश्रांतवाडीला भाचीकडं राहायला गेल्या. तिथं मी एकदा गेलो. बरोबर काही नेलं नव्हतं. मुद्दामच रिकाम्या हातानं गेलो. तासभर बसलो. त्यांनी माझ्या मुलाचं विचारलं, कमलच्या गुडघ्यांचं विचारलं, चहा केला. मी दोनदा "बाई" म्हणून सुरुवात केली. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "साखर कमी आहे का?" दुसऱ्यांदा त्या नुसत्याच थांबल्या, भांडं हातात धरून, बराच वेळ. मी म्हटलं, "नाही, काही नाही, छान झालाय." त्या वर्षाअखेरीस त्या गेल्याचं भाचीचं पत्र आलं.

मला म्हणायचं होतं ते असं:

बाई, बाटली कस्टमनं घेतली नव्हती. ती मी दिली, स्वतःसाठी, आणि तुम्ही माझं काम आधीच केलं होतं हे कळल्यावरही परत मागितली नाही. तुम्ही शेजारी बसलेल्या असताना वेणूताईंनी शेवटपर्यंत तुमची वाट पाहिली, ती माझ्यामुळं. तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. तरी ते मी सांगायला हवं होतं. मला क्षमा करा.